बिरूचे राहण्याचे ठिकाण

वाटूर, माघ व. ५, शके १८५७

चि. रामरावास नंदाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. उषाची कंबर धरली होती ती आता सुटली हे वाचून बरे वाटले. तिला म्हणावे, शेक लगेच बंद करू नकोस, आणि पाण्याचे हंडे उचलायला नवऱ्याला लाव. वकिलांचे हात काही चिनीमातीचे नसतात. इकडे ज्वारी काढून झाली. रान मोकळे झाले.

आता रागाचे लिहिते. नेहमीप्रमाणे धनगरांची मेंढरे आपल्या रानात बसायला आली आहेत. तू जालन्यात राहून विसरला असशील म्हणून सांगते, की काढणी झाली की ती येतात, रात्री आपल्या रानात बसतात, रानाला खत मिळते आणि आपण त्यांना ज्वारी घालतो. आपल्या आजाच्या वेळेपासून बिरूच्याच घरची मेंढरे आपल्याकडे बसतात. बिरू तुरुंगात, म्हणून सध्या त्याची बायको आसराबाई एकटीने कळप सांभाळते. काल भाकरी घेऊन गेले तर ती माझ्याशी बोलेना. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, की माय, कमिटीनं त्याला न्हाई म्हन्लं अन् त्या कमिटीत तुमचा भाऊ बसल्ता, तुमाला ठाव असंल. मला ठाऊक नव्हते, रामराव. माझ्याच रानात उभी राहून मी खाली मान घातली.

तिला सांगितलेले कारण असे, की बिरूला राहण्याचे ठिकाण नाही. त्यावर ती म्हणाली, की मंग तीन वर्सं सरकारच्या घरात राह्यला ते काय? याला मी काय उत्तर देऊ ते तूच कळव.

भुजंगाचा पाय बिरूने मोडला हे कोणी नाकारत नाही. भुजंग राखीव कुरणाचा राखणदार. त्याने गाभण मेंढी फरफटत नेली, बिरूने काठी घातली. व्हायला नको होते, झाले. सहा वर्षांची सजा झाली, निम्मी भोगून झाली. मग तुम्ही पाच शहाणे टेबलाभोवती बसून काय करता? चहा पिता? उलट टपाली उत्तर हवे.

मुलांना पापे. अक्काची माया आहे म्हणून अक्का बोलते, हे ध्यानात असू दे.

नंदा

०

जालना, फाल्गुन शु. ३

ती. अक्कास रामरावचे शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस लिहायचे धाडस झाले नाही. उषा मात्र मोठ्याने वाचून हसत होती आणि हंडे मीच उचलतो आहे.

तू समजतेस तेवढे आमच्या हातात नाही. आमचे नाव सुटका कमिटी असले तरी कोणाला सोडायची सत्ता आमच्याकडे नाही. सजा निम्मी झाली आणि तुरुंगात वागणूक चांगली राहिली, तर कैदी आमच्यापुढे येतो. वागणूक कशी, बाहेर कुठे राहणार, जामीन कोण आणि ज्याला मार लागला त्याचे काय म्हणणे, एवढे आम्ही पाहायचे. मग शिफारस वर जाते आणि हुकूम वरून येतो. सुटलेला माणूस उरलेली सजा बाहेर भोगतो, पण अटीवर. अट मोडली तर कमिटी त्याला परत बोलावू शकते, आणि बाहेर काढलेले दिवस सजेत धरले जात नाहीत. सोडायला वरचा हुकूम लागतो, परत बोलवायला आमच्या सह्या पुरतात. कायदा असाच आहे, मी केलेला नाही.

बिरूची वागणूक उत्तम. तुरुंगाच्या शेतावर काम करतो, कोणाशी तंटा नाही. मोठ्या साहेबांनी विचारले, कुठे राहतोस. तो म्हणाला, जिथं चारा तिथं. साहेबांना वाटले थट्टा करतो आहे. पुन्हा विचारले, घर कुठे. तो म्हणाला, मेंढरं बसतेत तिथं. लेखनिकाने लिहिले, ठावठिकाणा नाही. साहेब शहरातले, त्यांनी मेंढरू पाहिले असेल तर ताटातच. मी मध्ये बोललो, पण नवा मेंबर, माझे कोण ऐकतो? चार सह्या झाल्यावर पाचवी माझी झाली.

आता एक वाट आहे. कमिटी तीन महिन्यांनी बसते. पुढच्या पेशीला त्याचे राहण्याचे ठिकाण म्हणून वाटूर, आपले शेत, असे लिहून दिले आणि जामीन उभा केला, तर मी शिफारस करून घेईन. अट अशी पडेल, की वाटूरची शिव ओलांडायची नाही, आठवड्याला पोलीस पाटलापुढे हजेरी द्यायची, काठी बाळगायची नाही. तुला मंजूर आहे का?

रागावलीस तरी पत्र लिहिणे सोडू नकोस.

तुझा रामराव

०

वाटूर, फाल्गुन शु. १०

चि. रामरावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंजूर आहे का म्हणून काय विचारतोस? आपले शेत, आपले रान, राहू दे की त्याला जन्मभर. मी स्वतः जामीन राहते असे लिहून पाठवणार होते, तर धर्मराज म्हणाला, बाईचा जामीन कमिटी घेत नाही. खरे का रे हे? वडील गेल्यापासून शेताचा सारा मी भरते, नांगर मी लावते, सालगडी मी ठेवते. सरकारला माझा सारा चालतो आणि माझा शब्द चालत नाही. असो. असो म्हणते, पण असो नाही.

शेवटी आपला चुलतभाऊ धर्मराजच जामीन राहिला. तो गावचा पाटील, हजेरीही त्याच्याकडेच. तो तयार नव्हता. मी त्याला आठवण दिली, की त्याच्याही रानात याच मेंढरांचे खत पडते. तेव्हा सही केली. कागद सोबत आहे.

आसराबाईला सगळे वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, की मिरगाला काय करायचं? मी म्हणाले, आधी माणूस बाहेर येऊ दे, मिरगाचे मिरगाला पाहू.

उषाला आणि मुलांना जालन्याच्या उन्हाळ्यात जपा. काम झाल्यावर मी तुझे कौतुक करीन, आधी नाही.

नंदा

०

जालना, चैत्र व. २, शके १८५८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कर कौतुक! शिफारस झाली, आणि वरचा हुकूमही जल्दी येईल असे मोठ्या साहेबांचे शब्द आहेत.

खरे श्रेय मात्र भुजंगाचे. त्याला बोलावले होते. कुबडी टेकत आला. साहेबांनी विचारले, या माणसाला सोडण्याला तुझी हरकत आहे का. भुजंग बिरूकडे पाहून म्हणाला, की पाय मोडला तो माझा, साहेब. माझा राग सरला. तुमचा कवा सरनार? लेखनिकाने लिहिले, फिर्यादीची हरकत नाही. त्या तीन शब्दांत भुजंग कुठे मावला असेल, असे मला वाटत राहिले.

बिरूला अटी वाचून दाखवल्या. वाटूरची शिव, असे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, तर त्यानेही हलवली आणि अंगठा केला. आता तरी भाऊ म्हणून घ्यायला लाजू नकोस.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, आणि चार कैऱ्या पाठव.

रामराव

०

वाटूर, वैशाख व. ९

चि. रामरावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कैऱ्या पाठवल्या, त्या उषाच्या हातात पडू देत. तुझ्या लोणच्यावर माझा विश्वास नाही.

बिरू आला. वाळलाय, पण ताठ आहे. कळपाने त्याला लांबूनच ओळखले. त्याने नुसते तोंडाने टिकटिक केले आणि सगळी मेंढरे माना वर करून उभी राहिली. आसराबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. मी पण घराकडे वळले, उगाच. रात्री तो गोठ्यात झोपत नाही, मेंढवाड्याच्या तोंडाशीच आडवा होतो. काठी नाही म्हणून हातात घोंगडीचे टोक धरून मेंढरे वळवतो. धनगराला काठी बंद करणाऱ्याच्या हातातली लेखणी कोणी काढून घेतली तर कसे होईल, हे तुझ्या साहेबांना विचार. दर सोमवारी पाटलाकडे हजेरी देतो, न चुकता.

पण रामराव, मिरग जवळ आला आहे. आपण दोघेही नांगराची माणसे. तुरुंगातून सुटला की माणूस घरी बसेल, एवढेच आपल्याला दिसले. पाऊस पडला आणि पहिली तिफण शिवारात गेली, की गावचा रिवाज असा, की एकही कळप शिवेत राहता कामा नये. राहिला तर कोंडवाडा. आणि राहू दिला तरी काळ्या रानाच्या चिखलात मेंढराचे खूर कुजतात. पावसाळ्यात त्यांना मुरमाड डोंगरच लागतो, तिकडे भोकरदनच्या वर. सारे धनगर जातात. बिरू काय करील? गाव म्हणेल निघ, कमिटी म्हणेल थांब.

तू आजच्या आज दरखास्त दे. पावसाळ्यापुरती डोंगराकडे जायची परवानगी. तिथल्या गावच्या पाटलाकडे हजेरी देईल. मी तिथल्या पाटलाचे नावही विचारून ठेवले आहे. उशीर करू नको, बाबा.

नंदा

०

जालना, ज्येष्ठ शु. ४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दरखास्त त्याच दिवशी दिली. स्वतः जाऊन लेखनिकाच्या हातात ठेवली. त्याचे म्हणणे, अट बदलायची तर पूर्ण कमिटी बसावी लागते. कमिटी या खेपेस महिनाभर उशिरा, श्रावणात बसेल. मोठे साहेब थंड हवेला गेले आहेत, मधली पेशी त्यांच्याशिवाय भरत नाही. मी तिथल्या पत्त्यावर त्यांना लिहिले, उत्तर नाही. बाकीच्या मेंबरांकडे गेलो. एक म्हणाले, दोन महिन्यांनी काय बिघडते? मिरग कोणासाठी थांबत नाही, असे मी सांगितले, तर त्यांनी मिरग म्हणजे कोण असे विचारले.

तूर्त एवढेच कर. कळप त्याचा भाऊ रायभान याच्याबरोबर पाठव आणि बिरूला गावात ठेव. त्याने शिव ओलांडू नये, अक्का. ओलांडली तर माझ्या हातात काही राहणार नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहतो आहे, रागाचे असले तरी चालेल.

रामराव

०

वाटूर, आषाढ शु. ६

चि. रामराव यास आशीर्वाद.

बिरूला पोलीस ठाण्याचा अमीन धरून घेऊन गेला. ही बातमी तुला कागदावरून कळलीच असेल. कागदावर काय लिहिले असेल तेही मला ठाऊक आहे. फरार. आता माझ्याकडून ऐक.

पाऊस झाला, तिफणी निघाल्या. धर्मराजने दवंडी दिली, दिवस मावळायच्या आत कळप शिवेबाहेर. जामीन राहिलेला धर्मराज तोच, आणि दवंडी देणारा धर्मराजही तोच. बिरू त्याच्याकडे गेला. धर्मराजने सांगितले, मेंढरे जातील, तू थांबशील. रायभानचा स्वतःचा कळप आहे, तो केव्हाच पुढे गेला होता. शेवटी आसराबाई एकटी निघाली, बरोबर दोन कुत्री आणि पाठीवर कोकरे. बिरू शिवेच्या धोंड्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मेंढरे पुढे जाईनात, सारखी मागे वळत. ती त्याच्याकडे वळत होती. शेवटी तो पाठ फिरवून धोंड्याआड बसला तेव्हा गेली. माझ्या सालगड्याने हे पाहिले, आणि तो दांडगा माणूस सांगताना रडला.

पुढे तो आपल्या गोठ्यात बसून होता. भाकरी खाईना. मी खुरपणीला ये म्हटले तर आला, पण हात कुठे आणि डोळे कुठे. एका संध्याकाळी वाटसरू निरोप घेऊन आला, की बदनापूरच्या अलीकडे नदीला पूर आला, अर्धा कळप ह्या काठाला, अर्धा त्या काठाला, आणि आसराबाई पाण्यात उभी. बिरू माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, की माय, जाऊ का? मी जा म्हणाले. होय, मी म्हणाले. ही ओळ तुझ्या कमिटीला वाचून दाखव, हवे तर मलाही धरा. पण बाईचा जामीन चालत नाही, तर बाईचा गुन्हा तरी कसा चालेल?

त्याने कळप पलीकडे काढला, वाटेत भेटलेल्या धनगरांच्या सोबतीला लावून दिला आणि तसाच माघारी फिरला. हजेरी सोमवारची. तो मंगळवारी सकाळी, पायांच्या चिंधड्या घेऊन, थेट धर्मराजच्या दारात आला आणि म्हणाला, की पाटील, एक दिस चुकला, लिवून घ्या. धर्मराजने आदल्या संध्याकाळीच ठाण्यावर वर्दी दिली होती. मी त्याला विचारले, एक रात्र दम निघाला नाही का रे? म्हणे, जामीन मी आहे, माझ्या गळ्याशी आले असते.

फरार झालेला माणूस स्वतःच्या पायांनी पाटलाच्या दारात येतो का, हे तुझ्या कायद्याच्या पुस्तकात बघ. आणि मिळाले तर मला त्या पानाची नक्कल पाठव. तू जर पुन्हा पाचवी सही केलीस, तर या घरी भाऊबीजेला येऊ नकोस.

नंदा

०

जालना, आषाढ व. ११

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पाचवी सही केली नाही. आधी हे सांगतो, कारण मग तू पुढचे वाचशील.

परवानगीसाठी श्रावणापर्यंत बसू न शकणारी कमिटी त्याला परत बोलावण्यासाठी पंधरा दिवसांत बसली. मोठे साहेब थंड हवेवरून खास खाली उतरले. मी सगळे मांडले. दरखास्तीची तारीख दाखवली, ती फायलीत तशीच पडून होती, कोणी उघडलीही नव्हती. मी विचारले, की शिवेत राहायचे असा आपला हुकूम आणि शिवेबाहेर काढायचे असा गावचा हुकूम, तर या माणसाने कोणता पाळायला हवा होता? साहेब म्हणाले, गावच्या रिवाजाचा विचार करणे हे कमिटीचे काम नाही. मी म्हणालो, मग त्याच गावाचे नाव अटीत का घातले? अक्का, मी आयुष्यात प्रथम वरिष्ठापुढे आवाज चढवला. तू असतीस तर हसली असतीस.

एवढा तंटा झाला म्हणून असेल, किंवा फाइल न उघडल्याचे बाहेर फुटू नये म्हणून असेल, साहेब नरमले. त्यांनी बिरूला आत बोलावले आणि म्हणाले, की या वेळी माफ करू. त्याच अटींवर पुन्हा वाटूरला जा. फक्त सर्वांसमोर शब्द दे, की पुन्हा शिव ओलांडणार नाही. मला वाटले, जिंकलो. मी बिरूकडे बघून खूण केली, हो म्हण.

तो नाही म्हणाला. साहेबांना वाटले ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा विचारले. तेव्हा बिरू हात जोडून म्हणाला, की न्हाई साहेब, खोटं कसं बोलू. इथं भिंत हाय, तर मानूस म्हन्तो भिंत हाय. तिथं भिंत न्हाई, समोर मेंढरं दिसून राह्यली, अन् म्यांच माझी भिंत व्हायची. ते जमत न्हाई. मला आतच ठेवा.

चार सह्या झाल्या. उरलेली सगळी सजा त्याला आत काढायची आहे, बाहेरचे दिवस धरले नाहीत, आणि नवी दरखास्त करता येणार नाही. मी विरोध लिहून दिला. तो फायलीला लागेल आणि फाइल कोणी उघडणार नाही. राजीनाम्याचा कागद लिहून टेबलावर ठेवला आहे. उद्या पाठवीन म्हणतो. आसराबाईला हे कसे सांगायचे ते तूच ठरव. मला जमणार नाही.

रागावली नसशील तर दोन ओळी लिही.

रामराव

०

वाटूर, नागपंचमी

चि. रामरावास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. वि. वि.

राजीनामा चुलीत घाल. तू बाहेर पडलास तर तिथे मिरग म्हणजे कोण हे विचारणारेच पाच उरतील. बसून राहा आणि दर पेशीला त्यांच्या कानाशी ओरड. भाऊबीजेला ये, जेवायला घालीन.

आसराबाईला मी स्वतः जाऊन सांगितले. बैलगाडीने भोकरदनपर्यंत गेले आणि पुढे डोंगरात चालत. तुझे पत्र तिला वाचून दाखवले. भिंतीचे वाचले तेव्हा तिने मान हलवली, जणू तो तिच्याशीच बोलतो आहे. मला वाटले आता रडेल, म्हणून मी तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला, एक कोकरू आईला लावून दिले, आणि मग मला विचारले, की माय, तुरुंगाला शेत हाय म्हन्ता, त्याला खत कोन घालतंय?

मला कळेना. ती म्हणाली, की दिवाळीनंतर आमाला कोनाच्या तरी रानात बसावंच लागतंय. सरकारच्या रानात बसतो. ज्वारी नको, काही नको. त्यो आतून राखील, म्यां बाहिरून राखीन.

येताना गाडीत मी हसले, आणि मग इतकी चिडले की गाडीवान मागे वळून पाहू लागला. बाहेर सोडून जे तुम्हांला त्याला देता आले नाही, ते आत ठेवूनच मिळणार असेल, तर तुमची ती कमिटी कशाला आहे रे? पण बाईने मार्ग दाखवला आहे. तेव्हा चिडून झाल्यावर तिच्या नावाने दरखास्त लिहिली, अंगठा घेतला, सोबत पाठवते आहे. श्रावणातल्या पेशीला तू उभा राहून ती मोठ्याने वाच, तुझ्या आवाजात, थरथरला तरी चालेल.

आणि मोठे साहेब नाही म्हणू लागले, तर त्यांना माझ्या नावाने सांग, की यात त्यांच्या सगळ्या अटी बसतात. बिरू शिव ओलांडणार नाही. हजेरी रोज. काठी नाही. जामीन खुद्द सरकार, पुरुषच असेल. आणि राहण्याचे ठिकाण तर असे पक्के, की ते शोधायला कोणाला फाइल उघडायची गरज नाही.

उत्तराची वाट आसराबाई पाहते आहे.

तुझी अक्का